संकेतस्थळावरील शेतीविषयक माहिती व कागदपत्रांचे जतन

हिंगणा तालुक्यातील शेतकऱ्याला पूर्वी सातबाऱ्यासाठी पटवाऱ्याकडे, फवारणीच्या शिफारशीसाठी कृषी सहायकाकडे आणि योजनेच्या चौकशीसाठी पंचायत समितीत जावे लागत असे. आज यांतील बरीच कामे घरबसल्या मोबाईलवर होतात. ही सोय मोठी आहे, पण तिच्याबरोबर एक सवय सर्वत्र लागली आहे. मिळालेली माहिती स्वतःजवळ उतरवून न घेता तिची केवळ लिंक गटावर पाठवली जाते किंवा फोनमध्ये ठेवली जाते. लिंक हा माहितीचा पत्ता आहे. घरमालकाने बिऱ्हाड हलवले, तर जुना पत्ता हाती असून उपयोग होत नाही. म्हणून कोणती माहिती, केव्हा व कशी जपावी याचा विचार या लेखात केला आहे.

लिंक का तुटते?

अमेरिकेतील प्यू संशोधन केंद्राने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार २०१३ साली इंटरनेटवर असलेल्या पानांपैकी ३८ टक्के पाने दहा वर्षांनंतर उघडत नव्हती. याची कारणे साधी आहेत. संकेतस्थळाची नव्याने मांडणी होते आणि जुन्या पानांचे पत्ते बदलतात. विभागाचे नाव बदलते, प्रकल्पाची मुदत संपते, किंवा नावाचे वार्षिक शुल्क भरायचे राहून जाते. शेवटच्या प्रकारात धोका अधिक असतो, कारण सोडलेले नाव दुसरा कोणीही विकत घेऊ शकतो. जुन्या लिंकवरून उघडलेले पान आधार क्रमांक किंवा बँकेचा तपशील मागू लागले, तर ते तत्काळ बंद करावे.

आपल्या राज्यातील उदाहरण महाभूलेखचे आहे. पूर्वी हे संकेतस्थळ महाराष्ट्र शासनाच्या मुख्य नावाखाली चालत असे, पुढे ते महाभूमीच्या नावाखाली गेले. शासन निर्णयांच्या पानाचेही तसेच झाले. माहिती नष्ट झाली नाही, पण जुन्या पत्रकात छापलेले पत्ते निकामी झाले.

पत्ता तोच, मजकूर नवा

लिंक तुटली तर निदान कळते. पत्ता तोच राहून आतला मजकूर बदलतो तेव्हा मात्र काहीच कळत नाही. हवामान खात्याच्या सहकार्याने निघणारा कृषी हवामान सल्ला आठवड्यातून दोनदा, मंगळवारी व शुक्रवारी, प्रसिद्ध होतो. आपल्या भागात आंबिया बहाराची फळगळ ऑगस्ट-सप्टेंबरात होते. त्या आठवड्यांतील सल्ले ज्याने उतरवून ठेवले, त्याला पुढच्या वर्षी पाऊस, आर्द्रता आणि स्वतःच्या बागेतील गळ यांची सांगड घालता येते. ज्याने फक्त लिंक ठेवली, त्याला चालू आठवड्याचाच सल्ला दिसतो. शिवाय सल्ला देणारी यंत्रणाही कायम राहील असे धरून चालू नये. कृषी विज्ञान केंद्रांमध्ये उभी केलेली जिल्हा कृषी हवामान केंद्रे २०२४ मध्ये बंद करण्यात आली.

प्रथम काय जपावे?

हिंगणा तालुक्यात जमिनीच्या कागदांना सर्वांत वरचे स्थान द्यावे. औद्योगिक वसाहत जुनीच आहे. समृद्धी महामार्गाची सुरुवातही याच तालुक्यातील शिवमडक्यापासून होते. जमिनीला भाव आला की वाटणी, बक्षीसपत्र, खरेदी व वारस यांच्या नोंदी वाढतात. फेरफाराची नोटीस आता ‘आपली चावडी’ या डिजिटल फलकावर लागते आणि हरकत घेण्यासाठी साधारणपणे पंधरा दिवस मिळतात. हा फलकही चावडीवर डकवलेल्या कागदासारखाच असून कायम राहण्यासाठी नसतो. आपल्या गटाची नोटीस दिसताच तारखेसह तिची प्रत घ्यावी. पुढे वाद उभा राहिल्यास नोटीस कोणत्या दिवशी, कोणत्या मजकुराची होती, हे दाखवता आले पाहिजे.

सातबाऱ्याच्या बाबतीत एक फरक ध्यानात ठेवावा. महाभूलेखवर विनामूल्य दिसणारा उतारा फक्त पाहण्यासाठी असतो. कायदेशीर कामासाठी पंधरा रुपये शुल्क भरून मिळणारा डिजिटल स्वाक्षरीचा उतारा घ्यावा लागतो. ही सेवा १ मे २०१८ पासून सुरू आहे. अशा उताऱ्याची मूळ पीडीएफ फाइल जपावी. नुसता फोटो पुरेसा नाही, कारण डिजिटल स्वाक्षरी फाइलमध्ये असते, फोटोत येत नाही.

योजनांच्या बाबतीत शासन निर्णयाची लिंक लिहून ठेवण्याऐवजी त्याचा सांकेतांक लिहून ठेवावा, ही आमची आग्रहाची शिफारस आहे. निर्णयाच्या शेवटच्या परिच्छेदात तो छापलेला असतो. त्याचे पहिले आठ आकडे वर्ष, महिना व दिवस दाखवतात. २८ जून २०१७ च्या सांकेतांकाची सुरुवात २०१७०६२८ अशी होईल. संकेतस्थळाचा पत्ता कितीही बदलला तरी या अंकावरून निर्णय शोधता येतो. निर्णयाबरोबर त्याचे शुद्धिपत्रकही घ्यावे. अनेकदा अनुदानाची खरी अट तेथेच सापडते!

महाडीबीटीवरील अर्जाची पोच, पूर्वसंमती पत्र आणि देयक एकत्र ठेवावे. पीक विम्याची पावती व नुकसानीची पूर्वसूचना दिल्याचा क्रमांकही असाच ठेवावा. विम्याचे नियम दर दोन-तीन वर्षांनी बदलतात. २०२३ च्या खरिपात आलेला एक रुपयातील विमा २०२५ च्या खरिपापासून बंद झाला. आपला दावा ज्या हंगामाचा, त्या हंगामाचे नियम हाती असावेत.

जतन कसे करावे?

मोबाईलवर पान उघडल्यावर कोपऱ्यातील तीन ठिपके दाबावेत, ‘शेअर’मधून ‘प्रिंट’ निवडावे आणि ‘पीडीएफ म्हणून जतन करा’ हा पर्याय घ्यावा. लांब पानासाठी स्क्रीनशॉटपेक्षा ही पद्धत चांगली आहे. फाइलला आपोआप मिळालेले नाव तसेच ठेवू नये. ‘२०२५-०६-१२ ठिबक पूर्वसंमती गट ४५’ असे तारखेपासून सुरू होणारे नाव दिल्यास फाइली आपोआप क्रमाने लागतात. ज्या पत्त्यावरून घेतली तो पत्ता व घेतल्याची तारीख जवळच्या वहीत टिपावी.

व्हॉट्सॲपवर आलेली फाइल त्याच दिवशी उतरवून घ्यावी, काही काळाने ती मिळत नाही. सेवा केंद्रातील छोट्या यंत्रातून निघालेली पावती उन्हात व घामात पुसट होते. तिची झेरॉक्स लगेच काढावी.

सर्वांसाठी खुल्या असलेल्या पानाकरिता आणखी एक उपाय आहे. ब्रूस्टर काहले यांनी १९९६ मध्ये सुरू केलेली इंटरनेट आर्काइव्ह ही संस्था जगभरातील पानांच्या प्रती साठवते आणि ‘वेबॅक मशीन’ या नावाने २००१ पासून त्या विनामूल्य दाखवते. तेथील ‘सेव्ह पेज नाऊ’ या चौकटीत पत्ता टाकला की पानाची तारखेसह प्रत साठवली जाते. बंद पडलेला जुना पत्ता तेथे टाकून पूर्वीची प्रतही शोधता येते. मात्र लॉगिन करून उघडणारी पाने तेथे साठत नाहीत. स्वतःचे आधार किंवा खाते क्रमांक असलेले कागद तर अशा सार्वजनिक ठिकाणी ठेवूच नयेत. ऑक्टोबर २०२४ मध्ये सायबर हल्ल्यामुळे हे संकेतस्थळही काही दिवस बंद होते. घरची प्रत हवीच.

जुनी शिफारस वापरताना

जपलेली माहिती वाचण्यास उपयोगी असली तरी फवारणीपूर्वी तिची तारीख पाहावी. संत्र्यावरील कोळीसाठी जुन्या पुस्तिकांत डायकोफॉल सुचवलेले आढळते. केंद्र शासनाच्या २०२३ च्या आदेशाने त्यावर बंदी आली आहे. औषध व प्रमाण यांसाठी नागपूरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेची किंवा कृषी विद्यापीठाची चालू वर्षाची शिफारसच पाहावी. जुन्या पत्रकावर ‘फक्त नोंदीसाठी’ असे लिहून ते वेगळे ठेवावे.

सर्व फाइलींची एक प्रत फोनमध्ये, दुसरी पेन ड्राइव्हवर आणि महत्त्वाच्या कागदांची छापील प्रत सातबाऱ्याच्या पेटीत असावी. मे महिन्यात, पेरणीची धांदल सुरू होण्यापूर्वी, पेन ड्राइव्ह संगणकाला लावून प्रत्येक फाइल एकदा उघडून पाहावी. जी उघडत नाही ती त्याच आठवड्यात मूळ ठिकाणाहून पुन्हा मिळवावी.