नर्स मुलीची प्रमाणपत्रे : कोणते राखावे, कोणते सोडावे

मृगाच्या तोंडावर या पानात बियाण्याची उगवण घरी कशी तपासावी हे लिहायचे ठरले होते. ते पुढच्या अंकी येईल. या वेळचा विषय निघाला तो एका घरातल्या रुसव्याफुगव्यावरून.

आपल्या धर्मग्रामात मुलगी, सून वा भाची नर्स नाही असे घर शोधावे लागेल. (नर्सलाही आपण सिस्टर म्हणतो आणि मठातल्या भगिनीलाही. त्यामुळे निरोपांचे गोंधळ होतात, ते असो.) अशाच एका घरचे वडील रविवारी मिस्सानंतर सॅक्रिस्टीच्या दाराशी थांबले. भात आणि रताळी पिकवणारा माणूस. मुलगी अमेरिकेत टेक्सास राज्यात अतिदक्षता विभागात नर्स आहे. म्हणाले, "फादर, पोरीनं जीव तोडून मिळवलेलं सर्टिफिकेट, आता सोडते म्हणती. तुम्ही तरी सांगा की ओ तिला."

त्यांचा राग मला समजला, कारण त्यामागे एक गैरसमज होता आणि तो आपल्यापैकी बहुतेकांचा आहे. आपल्याकडे नर्सने एक वर्षाचा विशेष डिप्लोमा केला की तो जन्माचा झाला. दहावीचे प्रमाणपत्र जसे शिळे होत नाही, तसा तोही होत नाही. अमेरिकेतील विशेष विभागांची प्रमाणपत्रे तशी नाहीत. त्यांना मुदत असते. या मुलीकडे दोन आहेत. एक अतिदक्षतेचे, त्याला सीसीआरएन म्हणतात. त्याची परीक्षा १९७६ पासून होते. दुसरे तातडीच्या विभागाचे, सीईएन. त्याची परीक्षा १९८० पासून. पहिले तीन वर्षांनी संपते, दुसरे चार वर्षांनी. संपण्याआधी नूतनीकरण करायचे, नाहीतर नावापुढची ती अक्षरे काढून टाकायची.

नूतनीकरण म्हणजे नुसते शुल्क नव्हे. सीसीआरएनसाठी तीन वर्षांत ४३२ तास गंभीर रुग्णांची प्रत्यक्ष शुश्रूषा झालेली हवी, त्यांपैकी १४४ तास शेवटच्या वर्षातले. शिवाय शिक्षणाचे १०० गुण. ते जमत नसतील तर पुन्हा परीक्षा. बारा तासांच्या पाळीने हिशेब केला तर ४३२ तास म्हणजे ३६ पाळ्या. अतिदक्षता विभागात आठवड्याला तीन पाळ्या करणाऱ्या मुलीचे हे बारा आठवड्यांत भरते. तिला ते जाणवतही नाही. पण तीच मुलगी उद्या साध्या दवाखान्यात गेली, तर कितीही हुशार असली तरी एक तासही भरणार नाही. सीईएनसाठी चार वर्षांत १०० तासांचे शिक्षण लागते, किंवा पुन्हा परीक्षा.

मी त्या गृहस्थांना विचारले, "तुमच्याकडे दोन बैलजोड्या होत्या तेव्हा दुसरीला पेंड कमी घालत होता काय?" म्हणाले, "ती रानात जाऊ दे नाहीतर गोठ्यात उभी राहू दे, पेंड लागतीच." मग थोडे गप्प झाले.

येथे एक भेद नीट ध्यानात घ्यावा, कारण त्यात चूक झाली तर नोकरीच जाते. कागद तीन जातींचे असतात. पहिली नोंदणी, म्हणजे नर्स म्हणून काम करण्याचा कायदेशीर परवाना. भारतात ती राज्याच्या परिचर्या परिषदेकडे असते, अमेरिकेत त्या त्या राज्याच्या मंडळाकडे. ब्रिटनमध्ये दर तीन वर्षांनी ४५० तासांचे काम व ३५ तासांचे शिक्षण दाखवून नाव नोंदवहीत राखावे लागते. ही नोंदणी सोडण्याचा विचारही करू नये. हे मी स्वतःच्या चुकीवरून सांगतो. काही वर्षांपूर्वी बाळंतपणासाठी घरी आलेल्या एका नर्सने मला नूतनीकरणाबद्दल विचारले, आणि मी मोठ्या शहाणपणाने म्हणालो, "आधी बाळाकडे बघ, कागद कुठे पळून जातात?" कागद पळाला नाही, मुदत पळाली. पुढे तिला दंड आणि हेलपाटे दोन्ही सोसावे लागले. तिने मला कधी बोल लावला नाही, म्हणून ते अधिक लागते.

दुसरी जात म्हणजे प्राण वाचवण्याच्या प्राथमिक व प्रगत प्रशिक्षणाची कार्डे, बीएलएस आणि एसीएलएस. ती दोन वर्षे चालतात. रुग्णालय मागते, तेव्हा तेथे निवड नसते.

निवड आहे ती फक्त तिसऱ्या जातीत, विशेष प्रमाणपत्रांत. ती बहुधा ऐच्छिक असतात, आणि म्हणूनच माणूस त्यांत गुंतून पडतो.

मुलीशी मी फोनवर बोललो. तिच्याकडे तेव्हा सकाळ होती. रात्रपाळी करून आलेली, मांडीवर दीड वर्षाचे मूल. विचारले, "अगं, गेल्या चार वर्षांत तातडीच्या विभागात किती पाळ्या केल्यास?" एकही नाही. रुग्णालय सीईएनचे शुल्क देते का? नाही, अतिदक्षतेचे तेवढे देते. आणखी एक गोष्ट तिनेच सांगितली. टेक्सासमध्ये परवान्यासाठी दोन वर्षांना २० तासांचे शिक्षण लागते. परंतु स्वतःच्या कामाच्या क्षेत्रातले राष्ट्रीय प्रमाणपत्र चालू असेल तर, काही नेमलेले विषय वगळता, ते त्या तासांच्या जागी धरतात. म्हणजे तिचे सीसीआरएन दोन कामे करते, सीईएन एकही नाही. एकाच शिक्षणाचे तास पुष्कळदा दोन्हीकडे मोजता येतात, तेही तिने ताडून पाहिले होते. तरी बरेच कमी पडत होते.

"त्या विभागात परत जायचे मनात आहे का?" हा माझा शेवटचा प्रश्न. बराच वेळ मुलाचाच आवाज येत राहिला. मग म्हणाली, "नाही फादर. पण बाबांना वाईट वाटंल."

याच प्रश्नाला उत्तर "हो" असते, तर मी उलट सल्ला दिला असता. छोट्या रुग्णालयात एकच नर्स दोन्ही विभाग सांभाळते, तिने दोन्ही राखावीत. वर्षभरात विभाग बदलणार असेल तिनेही राखावे. सुटलेले प्रमाणपत्र परत मिळवायचे तर पुन्हा सगळी परीक्षा द्यावी लागते, आणि संसारात पडल्यावर अभ्यास सोपा नाही. आणि ज्याला सोडायचे त्याची मुदत संपल्यावर ती अक्षरे नावापुढे, अर्जात, कुठेही राहू देऊ नयेत. आठवी आज्ञा कागदालाही लागू आहे.

तिने सीईएनची मुदत संपू दिली. वाचलेल्या वेळात काय करते म्हणून वडिलांनी विचारले, तर झोपते म्हणाली.

त्या प्रमाणपत्राची चौकट त्यांच्या ओटीवर पवित्र हृदयाच्या चित्राशेजारी अजून आहे. परवा घर आशीर्वादायला गेलो तेव्हा त्यांनी ती माझ्यादेखत पंचाने पुसली. मी काही बोललो नाही. चहा घेतला, आणि रताळ्याच्या वेलांकडे गेलो.