काळी गाडी, ओरखडे आणि चाळीस मायक्रॉन

आपल्या होस्टेलच्या पार्किंगमध्ये निम्म्याहून जास्त गाड्या काळ्या आहेत, आणि त्यातल्या बऱ्याच मुळात काळ्या होत्या हे सांगावं लागतं. कुणाची टाकी राखाडी पडलीये, कुणाच्या टाकीवर उन्हात कोळ्याचं जाळं विणल्यासारखं दिसतं. सेकंडहँड गाडी घेताना आपण इंजिनचा आवाज ऐकतो, चेन बघतो, आर.सी. बुक बघतो आणि पैसे मोजतो. रंगाकडे कुणी बघत नाही. मग दिवाळीला गाडी घरी नेली की वडील विचारतात, "भंगारातून उचललीस काय?"

माझी गाडी म्हणजे २०१४ सालची काळी स्प्लेंडर. आधीचे मालक आपल्या मेसला दूध घालणारे अण्णा. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर त्यांचं किक मारणं बंद झालं आणि गाडी गोठ्याशेजारी पत्र्याखाली दोन पावसाळे उभी राहिली. मला त्यांनी ती १४ हजारांना दिली. दोन्ही बाजूंच्या पॅनलवर किटल्यांनी पाडलेल्या चऱ्या, टाकीवर गुडघ्याच्या जागी घासून मंद झालेले दोन गोल, मागच्या बाजूला शर्टाच्या बटणांच्या रेघा, आणि टाकीवर रेडियममध्ये "आईचा आशीर्वाद". अण्णा अजून रोज पहाटे मुलाच्या टेम्पोतून येतात आणि गाडीवर नजर टाकल्याशिवाय जात नाहीत. त्यामुळे मी तिचं जे काही करणार होतो त्याला एक परीक्षक आधीच नेमलेला होता, आणि तो एक्स्टर्नलपेक्षा कडक होता.

गॅरेजवाल्या पेंटरने ४५०० रुपये सांगितले. सगळा रंग घासून काढायचा, लांबी भरायची, नवीन मारायचा. पैसे नव्हते हे एक कारण, पण ते सोडलं तरी मला हे पटलं नाही. पत्र्यावर कारखान्यातलं वरचं लॅकर साधारण १४० अंश सेल्सिअसला भट्टीत भाजलेलं असतं आणि खाली गंजरोधक प्रायमर घट्ट बसलेला असतो. गॅरेजमध्ये तेवढी भट्टी नसते. आणि असती तरी अख्खी गाडी त्यात घालता येत नाही, रबर आणि प्लास्टिक वितळेल. म्हणजे आहे तो चांगला थर काढून त्याहून कच्चा थर लावायचा. ज्याचा रंग पापुद्र्याने सुटलाय त्याला इलाज नाही. माझा सुटलेला नव्हता. (कुणाला रंगच बदलायची हौस असेल तर एक लक्षात ठेवा, आर.सी.वर रंग लिहिलेला असतो. बदलला की आर.टी.ओ.त नोंद करावी लागते.)

आता मूळ प्रश्न. ओरखडे काळ्यावरच एवढे का दिसतात? पांढरा रंग स्वतःच भरपूर प्रकाश सगळीकडे विखुरतो. त्यात ओरखड्याने थोडा आणखी विखुरला तर डोळ्याला पत्ताही लागत नाही. काळा रंग मात्र आत गेलेला प्रकाश गिळून टाकतो. परत येतो तो फक्त वरच्या गुळगुळीत पृष्ठभागावरून, आरशासारखा, एकाच दिशेने. लॅकरचा अपवर्तनांक १.५ धरला तर सरळ पडणाऱ्या प्रकाशापैकी अवघा ४ टक्के. ०.५ भागिले २.५, त्याचा वर्ग; फर्स्ट इयरचं फिजिक्स आहे, करून बघा. बाकी सगळा अंधार, आणि त्या अंधारात ओरखड्याच्या कडेवरून निसटलेला प्रकाश खडूच्या रेघेसारखा उठून दिसतो. रात्री पार्किंगच्या दिव्याखाली टाकीवर गोल गोल जाळं दिसतं ना, ते ओरखडे गोल नसतातच. ते सगळ्या दिशांना असतात, पण दिव्याकडे जाणाऱ्या रेषेला जे आडवे पडतात तेच चमकतात, म्हणून दिव्याभोवती वर्तुळं दिसतात.

पावसात भिजलेली काळी गाडी नवी का दिसते, त्याचं उत्तरही यातच आहे. पाणी ओरखड्यात भरतं. हवेपेक्षा त्याचा अपवर्तनांक (१.३३) लॅकरला जवळचा, त्यामुळे कड पुसट होते. खोबरेल तेलाचा तर १.४५ च्या आसपास, म्हणून गाडी विकायच्या आदल्या दिवशी काही लोक तेलाचं फडकं फिरवतात. दोन दिवसांत धूळ चिकटते आणि खरं रूप बाहेर पडतं. पण ही फसवणूक आपल्याला तपासणी म्हणून फार उपयोगी आहे. गाडी धुऊन वाळवा, ओरखड्यावर पाण्याचा थेंब ठेवा. ओला असताना ओरखडा नाहीसा झाला तर तो वरच्या लॅकरमध्येच आहे, घासून जाईल. ओला असतानाही राखाडी किंवा पांढरा दिसला तर तो खाली पोचलाय. तिथे कितीही पॉलिश करा, हात दुखण्यापलीकडे काही होणार नाही. नखही फिरवून बघा. नख अडकलं की ओरखडा पूर्ण काढायचा विचार सोडून द्यायचा.

सोडून का द्यायचा? कारण ओरखडा "भरत" नाही. ओरखडा म्हणजे खड्डा, आणि तो घालवायचा म्हणजे आजूबाजूची जमीन खड्ड्याच्या तळापर्यंत उतरवायची. कारखान्यातल्या रंगाचे सगळे थर मिळून साधारण १०० मायक्रॉन, त्यातलं वरचं पारदर्शक लॅकर ३० ते ५०. चाळीस धरा. डोक्याचा केस सत्तर एक मायक्रॉनचा असतो, म्हणजे आपली सगळी शिल्लक केसाहून पातळ. ऊन अडवण्याचं कामही तोच थर करतो, त्यामुळे तो पार खाऊन टाकला की खालचा काळा रंग काही वर्षांत पांढुरका पडतो. लॅबमधल्या सरांच्या परवानगीने मी कोटिंग थिकनेस गेज टाकीवर लावून बघितलं. माथ्यावर ११० च्या आसपास, गुडघे घासत होते तिथे ७०. हे आकडे सगळ्या थरांची बेरीज दाखवतात, एकट्या लॅकरचे नव्हेत. पण अण्णांच्या गुडघ्यांनी इतक्या वर्षांत चाळीसेक मायक्रॉन नेले होते हे कळलं. त्या दोन गोलांवर मी पेपर लावलाच नाही.

बऱ्याच जुन्या गाड्यांवर वेगळं लॅकर नसतं, हेही तपासून घ्या. पांढऱ्या फडक्यावर थोडं पॉलिश घेऊन कोपऱ्यात घासा. फडकं काळं झालं तर वर पारदर्शक थर नाही, तुम्ही थेट रंगच घासताय. काम तेच, पण हात आणखी हलका.

प्रत्यक्ष कामात सगळ्यात जास्त वेळ धुण्यात जातो आणि तोच सगळ्यांना वाया वाटतो. रस्त्यावरच्या धुळीत क्वार्ट्झ असतं, कठीणपणा मोहच्या मापाने ७. सकाळी लेक्चरला पळताना आपण जुन्या बनियनने कोरडी टाकी खसाखसा पुसतो, तेव्हा आपण पॉलिश पेपरच फिरवत असतो. कोळ्याचं जाळं तिथून येतं. आधी नुसत्या पाण्याने धूळ वाहू द्यायची, मग शाम्पूचं पाणी एका बादलीत आणि फडकं खंगाळायला दुसरी बादली. कॉटन वेस्ट वापरू नका, त्यात काय काय अडकलेलं असतं देव जाणे.

सेकंड इयरला मेटलर्जीच्या प्रॅक्टिकलला नमुना पॉलिश केलेला आठवतो? एका नंबरच्या पेपरने एका दिशेला घासायचं, मग पुढच्या बारीक पेपरने ९० अंश फिरवून, आधीच्या रेघा पूर्ण जाईपर्यंत. मायक्रोस्कोपखाली मॅडमना जुनी रेघ दिसली की परत पहिल्यापासून. गाडीलाही अगदी हेच शास्त्र, फक्त इथे नमुना फेकून दुसरा घेता येत नाही. ज्या थोड्या ओरखड्यांना खरंच गरज होती तिथेच मी २००० नंबरचा वॉटर पेपर साबणाच्या पाण्यात भिजवून, रबराच्या तुकड्यावर गुंडाळून, आठ-दहा हात फिरवला. त्याचा कण सुमारे १० मायक्रॉनचा असतो. १००० चा १८ च्या आसपास, तो दुकानदाराने दिला तरी घेऊ नका. मग ३००० नंबर आडव्या दिशेने. या टप्प्याला टाकी पाटीसारखी मंद दिसते आणि बघणारे पोरं "वाट लावली" म्हणतात. म्हणू द्या. त्यानंतर रबिंग कंपाउंड, मग बारीक पॉलिश, दोन्ही हाताने, सावलीत, गार पत्र्यावर. एका बाजूला दीड तास लागला. कडांना आधीच टेप लावून ठेवा. ओला रंग कडेवरून आपोआप सरकतो, त्यामुळे तिथे थर मुळातच पातळ असतो आणि पत्रा आधी तिथेच उघडा पडतो. काही पॉलिशमध्ये तेल असतं, ते ओरखडे झाकतं आणि आपल्याला उगाच पास करतं. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये तेवढंच पाणी घालून पुसलं की खरा निकाल कळतो.

रेडियमची गोष्ट वेगळी झाली. हेअर ड्रायरने गरम करून अक्षरं सोलली, गोंद खोबरेलाने काढला, आणि खाली "आईचा आशीर्वाद" तसंच! अक्षरांखालच्या रंगाला कधी ऊन लागलं नव्हतं, तो गडद काळा, बाजूचा झिजलेला. पॉलिशनंतर फरक पुष्कळ कमी झाला तरी तिरप्या उन्हात अक्षरं वाचता येतात. पूर्ण घालवायची तर अक्षरं बाजूच्या पातळीला आणावी लागली असती, आणि तेवढे मायक्रॉन माझ्याकडे खर्चायला नव्हते. मी ठेवली. अण्णांनी एके पहाटे टाकीवर बोट फिरवून पाहिलं आणि म्हणाले, "हाय की अजून!" मार्क किती दिले ते सांगितलं नाही.

खोल चऱ्यांसाठी टचअप. टाकीच्या खालच्या शिवणीपाशी एक फोडही आला होता. फोडाखाली हमखास गंज असतो, त्यामुळे टाकी रिकामी करून, उतरवून तो चकचकीत पत्रा दिसेपर्यंत खरवडला आणि आधी प्रायमर लावला. नंतर काळा रंग टूथपिकच्या टोकाने, थेंब थेंब, फक्त खाचेत. थिनर उडाला की रंग बसतो, म्हणून एका दिवशी एक थर असे चार-पाच थर, खाच किंचित वर येईपर्यंत. आठवडाभर वाळू द्यायचं, मग तेवढाच उंचवटा २००० ने सपाट करून पॉलिश. जवळून बघितलं तर दिसतो, दोन हातांवरून दिसत नाही. हे काम जुलै-ऑगस्टमध्ये काढू नका. थिनर उडताना पृष्ठभाग गार होतो, दमट हवेतलं पाणी त्यावर बसतं आणि काळा रंग दुधाळ होतो.

किटल्यांच्या बाजूचं एक पॅनल मात्र हाताबाहेर होतं, चऱ्या पार प्लास्टिकमध्ये उतरलेल्या. ते गॅरेजवाल्याकडून ६०० रुपयांत करून घेतलं. काही जण स्प्रे कॅन आणून खोलीतच मारायचं म्हणतात. हार्डनर मिसळायच्या लॅकरमध्ये आयसोसायनेट असतं, त्याने दमा लागू शकतो, आणि रूमालाने ते अडत नाही. खोलीत तर अजिबात नको. रेक्टर ओरडतील ती गोष्ट निराळी.

शेवटी वॅक्स. पाण्याचे थेंब टाकीवर पसरायला लागले की परत लावायचं, पावसाळ्यात बहुधा दोन महिन्यांनी. माझ्याकडे २००० आणि ३००० चे प्रत्येकी चार पेपर आणि अर्धा डबा कंपाउंड उरलंय. ज्याला हवं त्याने रविवारी गाडी धुऊन पार्किंगच्या मागच्या नळापाशी आणावी. सकाळी नऊच्या आत, नंतर पाणी जातं.