आधी माझाच फोन का वाजतो?

प्रश्न : आमचं ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान आहे. ग्राहकांच्या नोंदींसाठी ब्राउझरमध्ये चालणारं सॉफ्टवेअर घेतलं. त्यात ग्राहकाच्या नंबरवर क्लिक केलं की आधी माझाच मोबाइल वाजतो. मी उचलला की मग समोर रिंग जाते, आणि ग्राहकाला माझा नंबर न दिसता भलताच नंबर दिसतो. फोन संगणक लावतो, मग मध्ये माझा मोबाइल कशाला? पुतण्याच्या पुण्यातल्या ऑफिसात तर हेडसेट लावून थेट स्क्रीनवरूनच बोलतात. ते कसं?
— एक वाचक, विटा (जि. सांगली)

उत्तर : तुमच्या संगणकाने फोन लावलेलाच नसतो. क्लिक केल्यावर सॉफ्टवेअर इंटरनेटवरून एका फोनसेवा कंपनीच्या सर्व्हरला एवढाच निरोप धाडतं, की हे दोन नंबर जोडून द्या. सर्व्हर आधी तुम्हाला फोन करतो, तुम्ही उचलल्यावर ग्राहकाला करतो आणि दोन्ही कॉल आपल्याकडे जुळवतो. पूर्वी ट्रंक कॉल बुक केला की एक्स्चेंजमधून आधी आपल्याला फोन यायचा आणि मग पलीकडची व्यक्ती जोडली जायची, तसंच हे. कॉल सर्व्हरने केलेला असल्यामुळे ग्राहकाला नंबरही कंपनीने तुम्हाला दिलेला दिसतो. टॅक्सीवाला आणि प्रवासी एकमेकांचा खरा नंबर न कळता बोलतात ते याच युक्तीने.

अशी सोय एकेकाळी फक्त मोठ्या कंपन्यांना परवडायची. १९९९मध्ये अमेरिकेत मार्क स्पेन्सर या तरुणाला आपल्या छोट्या कंपनीसाठी टेलिफोन एक्स्चेंज हवं होतं. विकत घेणं झेपेना, म्हणून त्याने साध्या संगणकावर चालणारं ‘अॅस्टरिस्क’ स्वतः लिहिलं आणि सर्वांना खुलं केलं. लहान धंद्यांच्या दृष्टीने ही मला फार मोलाची गोष्ट वाटते.

आपल्याकडे मोबाइलमार्गे जोडण्याची पद्धत रुळली त्यामागे नियमही आहेत. भारतात १ एप्रिल २००२पासून इंटरनेट टेलिफोनी खुली झाली खरी, पण देशातल्या देशात संगणकावरून साध्या फोनला कॉल लावण्याची मुभा इंटरनेट कंपन्यांना नव्हती. कॉल सेंटरांवरचे नियम नोव्हेंबर २०२० आणि जून २०२१मध्ये बरेच सैल झाले. परवानाधारक दूरसंचार कंपनीला वगळून इंटरनेटचा आवाज चोरवाटेने फोनच्या जाळ्यात सोडणं मात्र आजही बेकायदा आहे. कोणी ‘स्वस्तात’ अशी जोडणी देऊ केली तर घेऊ नका.

पुतण्याच्या ऑफिसात आवाज ब्राउझरच उचलतो. हे काम ‘वेबआरटीसी’ या तंत्राचं. आवाज हाताळण्याचं उत्तम तंत्र असलेली एक कंपनी गूगलने २०१०मध्ये घेतली, २०११मध्ये ते सगळ्यांसाठी खुलं केलं आणि जानेवारी २०२१मध्ये ते वेबचं अधिकृत मानक झालं. हे तंत्र येण्याआधी ब्राउझरमधून बोलायला वेगळं सॉफ्टवेअर बसवावं लागे. आता पान मायक्रोफोनची परवानगी मागतं आणि बोलणं सुरू होतं. आवाजाचे साधारण २० मिलिसेकंदांचे तुकडे पडतात, म्हणजे सेकंदाला पन्नास. प्रत्येक तुकडा कुलूपबंद होऊन निघतो. वाटेत एखादा हरवला तर तो सहसा पुन्हा मागवत नाहीत, कारण उशिरा आलेला शब्द कामाचा नसतो. मागचापुढचा आवाज पाहून ती फट बुजवली जाते. एका बाजूचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत असेपर्यंत बहुतेकांना तो जाणवत नाही. त्यापुढे दोघं एकमेकांचं बोलणं तोडू लागतात. म्हणून अशा ऑफिसात वायफायपेक्षा वायर बरी.

तुम्ही विचारलं नाहीत, पण खरा फायदा येणाऱ्या फोनमध्ये आहे. ग्राहकाने तुमच्या कंपनी-नंबरवर फोन केला की रिंग वाजत असतानाच सर्व्हर सॉफ्टवेअरला कळवतो, की अमुक नंबरवरून फोन येतोय. सॉफ्टवेअर नोंदी चाळतं आणि तुम्ही ‘हॅलो’ म्हणण्याआधी त्याची मागची खरेदी आणि अर्धवट राहिलेली तक्रार समोर येते. पेरणी तोंडावर असताना ट्रॅक्टर बंद पडलेल्या माणसाला आपली कहाणी प्रत्येकाला नव्याने सांगावी लागू नये, यासाठीच हा सारा खटाटोप करायचा.

आणि नेमकं इथेच बहुतेकांचं गाडं अडतं. आवाज पोचतो, नोंद सापडत नाही. एकाने नंबर शून्यापासून लिहिलेला असतो, दुसऱ्याने +९१ लावून, तिसऱ्याने मध्ये जागा सोडून. माणसाला तिन्ही एकच दिसतात, संगणकाला तीन वेगळे. आंतरराष्ट्रीय पद्धत सोपी आहे : अधिकचं चिन्ह, देशाचा क्रमांक, मग नंबर, सगळे मिळून जास्तीत जास्त पंधरा अंक. आपल्याकडे +९१ आणि पुढे दहा अंक. सांगलीच्या लँडलाइनचा ०२३३ लिहिताना सुरुवातीचं शून्य गाळायचं. सगळी यादी एकदा या रूपात आणून घ्या, हे काम टाळू नका.

त्याहून अवघड गोष्ट म्हणजे नंबर म्हणजे माणूस नव्हे. बिल वडिलांच्या नावावर, फोन मुलाचा, आणि बोलणारा ड्रायव्हर, हे तुमच्या धंद्यात रोजचं असणार. सॉफ्टवेअरने एकच नाव ठोकून न देता त्या नंबराशी जोडलेली सगळी नावं दाखवावीत. एका नंबराखाली दोन खाती ठेवता येतात का, हे विक्रेत्याला तुमच्या खऱ्या यादीवर करून दाखवायला सांगा. कॉल रेकॉर्ड होत असतील, तर ते कुठे साठतात, कोण ऐकू शकतो आणि कधी पुसले जातात, हेही त्याच बैठकीत लिहून घ्या. रेकॉर्डिंग होत असल्याचं ग्राहकाला सुरुवातीलाच सांगायचं.