मिठाला दोष देऊ नकोस

अगं, तुझी मिठाच्या साबणाची कृती वाचली. अंघोळीनंतर कातडी ताणल्यासारखी होते, कोपरांवर पांढरे पापुद्रे येतात, म्हणून तू मीठच काढून टाकायला निघालीस. ते काढलंस तरी ताण राहीलच. तुझ्या साबणात ५०० ग्रॅम तेल आहे आणि ते सगळंच्या सगळं खोबरेल आहे. खरा त्रास तिथे आहे.

खोबरेल नुसतं अंगाला चोळलं तर सुखावतं, पण त्याचा साबण झाला की त्याचा स्वभावच बदलतो. या तेलात जवळजवळ निम्मं लॉरिक आम्ल असतं. त्यापासून झालेला साबण पाण्यात पटकन विरघळतो, भरपूर फेस देतो आणि मळाबरोबर त्वचेचं स्वतःचं तेलही ओरबाडून नेतो. पण खाऱ्या पाण्यात फेस देतो तोही हाच, म्हणून समुद्रावरचे खलाशी खोबरेलाचा साबण वापरत. बहुतेक इतर तेलांचा साबण एवढ्या मिठात फेसच धरत नाही. तेव्हा खोबरेल काढून चालणार नाही, त्याला आवर घालायला हवा.

तो आवर म्हणजे सुपरफॅट. कॉस्टिक सोडा जरा कमी घ्यायचा, म्हणजे काही तेल साबण न होता तेल म्हणूनच वडीत राहतं. ५०० ग्रॅम खोबरेलाचा पुरता साबण व्हायला साधारण ९१.५ ग्रॅम कॉस्टिक लागतं. तू ८७ ग्रॅम घेतलंस, म्हणजे पाच टक्के सुपरफॅट. चार तेलांच्या मिश्रणाला तेवढं पुरतं, निव्वळ खोबरेलाला नाही. मिठाच्या साबणात वीस टक्के धर, म्हणजे ७३ ग्रॅम. फरक फक्त १४ ग्रॅमचा आहे, पण तो अंगाला कळतो. एवढं मोकळं तेल खवट होईल ही तुझी भीती सूर्यफुलाच्या तेलाच्या बाबतीत खरी आहे. खोबरेल सहजासहजी खवटत नाही.

आणखी मऊपणा हवा असेल तर खोबरेल ४०० ग्रॅमवर आण. उरलेल्या शंभरात ५० ग्रॅम एरंडेल आणि ५० ग्रॅम कोकमाचं भिरंडेल घाल. एरंडेलाने फेस टिकतो. भिरंडेल तर आपल्याकडे भेगाळलेल्या टाचांना लावतातच. साबणात ते वडीला घट्टपणा देतं आणि खोबरेलासारखं ओरबाडत नाही. या मिश्रणाला वीस टक्के सुपरफॅट धरून कॉस्टिक ६९ ग्रॅमच्या आसपास येतं आणि पाणी १५० ग्रॅम पुरे. तरी हा आकडा डोळे मिटून घेऊ नकोस. प्रत्येक तेलाचा साबणांक, म्हणजे त्याचा साबण व्हायला किती क्षार लागतो तो आकडा, वेगळा असतो, साबणाच्या गणकयंत्रात तुझी वजनं घालून पडताळ. आणि एक नीट बघ. पुष्कळ तक्त्यांतले साबणांक कॉस्टिक पोटॅशचे असतात. ते कॉस्टिक सोड्यासाठी वापरायचे तर ०.७१३ ने गुणावे लागतात. हे राहिलं तर सोडा चाळीस टक्के जास्त पडेल आणि तो साबण अंग भाजेल. वजन काट्यावरच कर, चमच्यांनी मोजू नकोस.

आता मीठ. तू तेलाच्या बरोबरीने, म्हणजे ५०० ग्रॅम घातलंस. २५० पुरे, तुझ्या कातडीला तर १५० सुद्धा चालेल. फेस वाढेल आणि वडी कापताना भुगाही कमी होईल. खडे मीठ घातलंस हे मात्र मला आवडलं नाही. त्याची धार त्वचेवर बारीक ओरखडे काढते आणि वर साबण त्या ओरखड्यांत झोंबतो. मिक्सरमध्ये अगदी पिठासारखं दळ, चाळ, मगच घाल. मिठागरातून आलेल्या कच्च्या मिठात मॅग्नेशियमचे क्षार असतात, ते हवेतला ओलावा ओढतात आणि पावसाळ्यात वडीला घाम फुटतो. साधं बारीक खाण्याचं मीठ उत्तम, आयोडीनवालंही चालतं. ते सोड्याच्या पाण्यात टाकू नकोस. मिश्रण दाट होऊन ट्रेस आला की शेवटी ढवळ आणि लगेच साच्यात ओत. हा साबण भराभर कडक होतो, दुसऱ्या दिवशी कापायला गेलीस तर तुकडे पडतील. लहान लहान सिलिकॉनचे साचे घे, म्हणजे कापायची वेळच येणार नाही.

सोडा नेहमी पाण्यात घालायचा, पाणी सोड्यात कधीच नाही. हातमोजे, चष्मा, खिडकी उघडी. ॲल्युमिनियमचं पातेलं बिलकुल नको, सोडा त्याला खातो आणि पेट घेणारा वायू सुटतो. स्टीलचं घे. पोरं जवळ नसताना कर गं, एवढं माझं ऐक.

आंबटपणाने साबण सौम्य होतो असं कुणी सांगितलं आणि तू लिंबू पिळायला निघालीस, ते राहू दे. साबण मुळातच अल्कधर्मी असतो, त्याचा पीएच नऊ-दहाच्या घरात. लिंबाने फक्त थोडा सोडा खर्ची पडतो, पीएच त्वचेइतका उतरत नाही. उतरवायलाच गेलीस तर साबण फुटून तेलकट चोथा होईल.

आणि घाई करू नकोस. सहा आठवडे वाळू दे, तीन महिने थांबता आलं तर फारच छान. मिठाचा साबण जुना झाला की फेस बदलतो, स्पर्श मऊ होतो. हवेशीर फळीवर वड्यांत अंतर ठेवून मांड, प्लास्टिकच्या डब्यात कोंडू नकोस. वास नकोच घालूस, निदान दालचिनी आणि लवंगेचं तेल तरी नको, तुझ्यासारख्या कातडीला ते झोंबतं.

तुमच्याकडे बोअरचं पाणी आहे ना? जड पाण्यात साबणाचा चिकट थर अंगावर बसतो आणि कोरडेपणा वाढतो. शेवटचे दोन तांबे नुसत्या पाण्याचे घे आणि अंग ओलसर असतानाच तेल लाव. साबण रोज सगळ्या अंगाला लागतो असंही नाही, काख, पाय, पाठ एवढ्याला पुरे. तोंडाला लावू नकोस, केस काढल्यावर त्या दिवशी नको, कुठे चिरलं किंवा खाज असलेली जागा असेल तिथे तर मुळीच नको. इसबाचे चट्टे असतील तर आधी त्वचेच्या डॉक्टरांना दाखव. आणि लहानग्याला हा साबण नकोच.

आधीच्या वड्या वितळवून परत घडवायच्या भानगडीत पडू नकोस, मीठ असल्याने नीट एकजीव होत नाहीत. त्या फरशी आणि पायपुसणी धुवायला घे. नवी वडी झाली की आधी कोपराच्या आतल्या बाजूला चार-पाच दिवस लावून बघ. आणि पुढचा घाणा घालण्याआधी तुझी सगळी वजनं मला पाठव, मी बसून आकडेमोड तपासून देते.