स्कीइंग व स्नोबोर्डिंग : बर्फावरील दोन खेळ आणि उतारावरील शिस्त



पूर्णेच्या मुलांना बर्फावरील खेळांशीं काय कर्तव्य, असा प्रश्न कोणीही विचारील, व तो अगदींच वावगा नाहीं. आपल्या आकाशांतून बर्फ पडतो तो गारांच्या रूपानें, आणि ओंजळींत धरीपर्यंत त्याचें पाणी होतें. परंतु आपल्याच देशांत गुलमर्ग, औली, सोलंग अशीं ठिकाणें आहेत कीं, जेथें हिवाळ्यांत डोंगरच्या डोंगर बर्फानें झांकून जातात व त्यांच्या उतारांवरून माणसें मोठ्या वेगानें घसरत जातात. गुलमर्ग येथें १९२७ सालीं स्की क्लब निघाला; १९४८ सालीं सैन्यानें तेथेंच आपली स्कीशाळा उघडली. २०२२ सालच्या बीजिंग येथील हिवाळी ऑलिंपिकांत भारताकडून एकटाच उतरलेला आरिफ खान हा याच भागांतला. उद्यां आपल्यांपैकीं कोणी सैन्यांत शिरून अथवा सहलीनिमित्त तिकडे जाईल. त्यास ही माहिती उपयोगी पडेल.

प्रथम साधनांतील भेद पाहूं. स्कीइंगमध्यें प्रत्येक पायाखालीं एक अशा दोन लांब, अरुंद पट्ट्या असतात. खेळाडूचें तोंड उताराच्या दिशेनें असतें व तोल सांभाळण्यास दोन्ही हातांत काठ्या असतात. स्नोबोर्डिंगमध्यें दोन्ही पाय एकाच रुंद फळीवर आडवे बांधलेले असतात. खेळाडू कुशीवर वळून उभा राहतो आणि त्याचे हात मोकळे असतात. पहिला खेळ फार प्राचीन. नॉर्वेसारख्या देशांत हिवाळ्यांतील प्रवासाचें तें साधनच होतें. नान्सेन या नॉर्वेजियन संशोधकानें १८८८ सालीं अशाच पट्ट्यांवरून ग्रीनलंड ओलांडलें. दुसरा खेळ अगदीं अलीकडचा. १९६५ सालीं अमेरिकेंतील शर्मन पॉपेन या गृहस्थानें आपल्या मुलींकरितां दोन स्की एकत्र जोडून खेळणें केलें. त्यांतून पुढें ही फळी निघाली व १९९८ सालीं तिला ऑलिंपिकांत स्थान मिळालें.

सोपा खेळ कोणता? नवशिक्याला स्कीवर उभें राहणें लौकर साधतें. पट्ट्यांचीं पुढील टोकें जवळ व मागील टोकें दूर केलीं कीं गति मंदावते. मात्र पुढें सफाई येण्यास पुष्कळ काळ लागतो. फळीवर पहिले दोनतीन दिवस पडण्यांतच जातात. पण एकदां तोल साधला कीं प्रगति झपाट्यानें होते.

दुखापतींचें स्वरूपही निरनिराळें. लांब पट्टी बर्फांत अडकून फिरली तर गुडघा पिळला जातो. म्हणून पडतांच बूट सुटावा अशी योजना स्कीवर केलेली असते. फळीवरचे पाय असे सुटत नाहींत. पण दोन्ही एकत्र जखडलेले असल्यानें गुडघ्यास तितका पीळ बसत नाहीं. तेथें पडणारा माणूस हात टेकतो व मनगट मोडून घेतो. त्यासाठीं मनगटपट्टे घालावे आणि पडतांना मुठी मिटाव्या. शिरस्त्राण दोघांनाही अवश्य.

परंतु साधनापेक्षांही महत्त्वाची ती शिस्त. आंतरराष्ट्रीय स्की संघानें १९६७ सालीं उतारावरील वर्तनाचे नियम ठरविले. ते आज दोन्ही खेळांस सारखेच लागू आहेत. त्यांचें सार असें :

१. आपल्या वागण्यानें दुसऱ्यास इजा होऊं देऊं नये.
२. आपलें कौशल्य, बर्फाची स्थिति व गर्दी पाहून वेग ठेवावा.
३. मागून येणाऱ्यानें पुढच्याला धक्का लागणार नाहीं असा मार्ग निवडावा.
४. ओलांडून जातांना पुरेसें अंतर ठेवावें.
५. निघतांना वर व खालीं पाहावें.
६. अरुंद वा वळणाआडच्या जागीं थांबूं नये. पडल्यास त्वरित बाजूस व्हावें.
७. पायीं चढउतार कडेनें करावी.
८. खुणा व फलक मानावे.
९. अपघात झाल्यास मदत करावी.
१०. अपघातानंतर आपलें नांव-गांव सांगावें.

आठवा नियम किती मोलाचा, हें २०२३ च्या फेब्रुवारींत दिसून आलें. गुलमर्गच्या वरच्या अफरवट डोंगरावर हिमकडा कोसळून पोलंडचे दोन खेळाडू दगावले. बर्फाचा डोंगर वरून शांत दिसतो. त्याच्या पोटांत काय आहे तें जाणत्या स्थानिकांनाच कळतें. म्हणून आंखलेली वाट सोडूं नये व वाटाड्यावांचून जाऊं नये.

या सर्वांत तिसरा नियम मुख्य होय. खालच्या माणसाच्या पाठीला डोळे नसतात. वरच्याला मात्र तो स्पष्ट दिसत असतो. ज्याला दिसतें, त्याच्यावर जबाबदारी. आपल्या पूर्णा जंक्शनांत परभणीकडील, नांदेडकडील व अकोल्याकडील रूळ एकत्र येतात. तेथें मागून येणारी गाडी, कितीही वेगवान् असली तरी, सिग्नल मिळेपर्यंत बाहेर थांबते. उतारावर सिग्नल नाहीं, स्टेशनमास्तर नाहीं. प्रत्येकानें स्वतःच स्वतःचा सिग्नल पाडावयाचा असतो.

पालकांसही एक विनंति. मुलास अशा सहलीस धाडतांना लोंकरी कपड्यांबरोबर हे दहा नियमही पाठ करवून धाडावे. आणि बर्फ ज्याच्या वांट्यास कधींच येणार नाहीं, त्यानेंही शाळेचा जिना उतरतांना किंवा भरल्या रस्त्यानें सायकल हांकतांना पुढच्याची काळजी मागच्यानेंच घ्यावी. हा नियम शिकण्यास काश्मीरला जावें लागत नाहीं.