मांजर ओकते की अन्न परत येते?

प्रवराकाठच्या बेलापुरात काय किंवा आसपासच्या वाड्यावस्त्यांवर काय, उंदरांच्या त्रासामुळे बऱ्याच घरी मांजर असते. ते ओकले की ‘केस गेले असतील पोटात’ असे म्हणून आपण सोडून देतो. पण दरवेळी ती उलटीच असते असे नाही. विकार अन्ननलिकेचाही असू शकतो.

फरक कसा ओळखावा?

उलटीपूर्वी मांजर अस्वस्थ होते, पोट आत ओढून उमासे काढते. बाहेर पडलेले अन्न अर्धवट पचलेले असते, कधी पिवळे पित्तही पडते. अन्ननलिकेच्या विकारात उमासे येत नाहीत. मान खाली घालताच न पचलेले अन्न लाळेसह, लांबट वळीसारखे बाहेर येते. भूक असूनही मांजर वाळत जाते.

कारणे

माशाचा काटा, हाड, सुईदोरा किंवा मांजा अडकणे. अंगावर सांडलेले दाहक रसायन चाटणे. भूल दिलेली असताना जठरातील आम्ल वर येणे. आणखी एक कारण सहसा लक्षात येत नाही, ते म्हणजे कोरडी दिलेली गोळी. डॉक्सीसायक्लिनसारखी गोळी अन्ननलिकेत अडकून विरघळली तर व्रण पडतो. तो भरताना, साधारण एक ते तीन आठवड्यांत, नलिका आक्रसते. मग पातळ उतरते, घट्ट परत येते.

निदान व उपचार

पशुवैद्यक जिभेखाली दोरा अडकला आहे का ते पाहतात. एक्स-रेमध्ये सुई किंवा हाड दिसते. दोरा सहसा दिसत नाही. अरुंद भाग बेरियम पाजून काढलेल्या एक्स-रेमध्ये किंवा दुर्बिणीने कळतो. दाहावर आम्ल कमी करणारे औषध, सुक्राल्फेट व मऊ आहार देतात. आक्रसलेली नलिका फुग्याने रुंद करतात. हे अनेकदा पुन्हा करावे लागते. अशा तपासणीसाठी मोठ्या शहरातील पशुरुग्णालयात जावे लागते. शिरवळ (जि. सातारा) व परळ (मुंबई) येथे पशुवैद्यकीय महाविद्यालये आहेत. निघण्यापूर्वी सोयीची चौकशी करावी.

घरी एवढे पाळा

१) गोळीनंतर लगेच ५-६ मि.लि. पाणी, सुई काढलेल्या सिरिंजने, गालाच्या कडेने हळूहळू पाजावे.
२) तोंडातून दोरा लोंबत असल्यास ओढू नये, आतडे चिरू शकते.
३) मिठाचे पाणी पाजून उलटी काढू नये.
४) पॅरासिटामॉल कधीही देऊ नये, मांजराला ते विष आहे.

पाणीही परत येत असेल, धाप किंवा ताप असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिले तरी यकृताला धोका संभवतो. उद्या पाहू, असे म्हणू नये.