वेबसाइटचं डेस्कटॉप ॲप: आयकॉन बनवण्याआधी प्रोफाइल बघा



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण जीएसटी पोर्टल, व्हॉट्सॲप वेब आणि दुकानाचा ईमेल यांची कॉम्प्युटरवर वेगवेगळी ॲप्स बनवली. बनवणं दोन मिनिटांचं काम आहे, ते तुम्ही बघितलंच. पण ते ॲप कुणाच्या लॉगिनने चालतं, त्याचे अपडेट कोण देतं आणि आपण नक्की कुठल्या पत्त्यावर आहोत हे कसं कळतं, या तीन गोष्टींसाठी व्हिडिओत वेळ कमी पडला. धंद्यात गोंधळ होतो तो इथेच. म्हणून हा लेख थोडा सविस्तर.

आधी हे ॲप म्हणजे काय ते समजून घ्या. ती ब्राउझरचीच एक खिडकी असते. फक्त वर टॅब नाहीत, पत्त्याची पट्टी नाही, आणि खाली टास्कबारवर तिचा स्वतःचा आयकॉन येतो. कल्पना काही नवी नाही. मोझिलाने २००७ मध्ये प्रिझम नावाचं असं टूल काढलं होतं, मॅकवर त्याच सुमारास फ्लुइड आलं, आणि २००८ मध्ये क्रोम बाजारात आला तेव्हा वेबसाइटचा वेगळा शॉर्टकट बनवायची सोय त्यात पहिल्यापासून होती. प्रिझम पुढे बंद पडलं, कल्पना मात्र टिकली. कारण साधं आहे. काउंटरवर गिऱ्हाईक उभं आहे आणि आपण पंचवीस टॅबमधून व्हॉट्सॲप शोधतोय, हे कुणालाच परवडत नाही.

बनवायची पद्धत पटकन सांगतो. क्रोममध्ये ती साइट उघडा, उजवीकडच्या तीन टिंबांवर क्लिक करा, 'कास्ट, सेव्ह अँड शेअर' मध्ये जा आणि 'इन्स्टॉल पेज ॲज ॲप' निवडा. एजमध्ये तीन टिंबांखाली 'ॲप्स' आहे, काही आवृत्त्यांत ते 'मोअर टूल्स'च्या आत सापडेल. मॅकवर सोनोमा किंवा त्यानंतरची सिस्टीम असेल तर सफारीच्या 'फाइल' मेन्यूत 'ॲड टू डॉक' मिळेल. झालं. वेगळं काही विकत घ्यायचं नाही, डाउनलोड करायचं नाही.

आता मुख्य मुद्दा.

समजा तुमच्या घरात दोन फर्म आहेत. एक तुमच्या नावावर, एक मिसेसच्या नावावर. दोन्हींचे जीएसटी नंबर वेगळे, ईमेल वेगळे, व्हॉट्सॲप बिझनेसचे नंबरही वेगळे. तुम्ही एकाच क्रोममधून जीएसटी पोर्टलचं ॲप बनवलं. लॉगिनची माहिती त्या आयकॉनमध्ये राहत नाही, ती क्रोमच्या प्रोफाइलमध्ये राहते. त्यामुळे सकाळी या ॲपमध्ये पहिल्या फर्मने लॉगिन केलं आणि दुपारी मुलाने साध्या टॅबमध्ये दुसऱ्या फर्मने केलं, तर ॲपच्या खिडकीलाही तेच दुसरं लॉगिन लागू होतं. खिडकी वेगळी दिसते म्हणून आपण गृहीत धरतो की आतलं खातंही वेगळं आहे. तसं नसतं. आणि रिटर्न भरायच्या शेवटच्या दिवशी, घाईत, वर कुणाचा जीएसटी नंबर आहे हे कोण बघतं?

म्हणून क्रम असा ठेवा: आधी प्रोफाइल, मग ॲप. क्रोममध्ये वर उजव्या कोपऱ्यात गोल चित्र असतं, तिथून नवीन प्रोफाइल तयार करता येतं. त्याला फर्मचं नाव द्या. 'पर्सन १', 'पर्सन २' असं ठेवू नका, सहा महिन्यांनी तुम्हालाच आठवणार नाही. मग त्या फर्मच्या प्रोफाइलमध्ये जाऊन, तिथूनच पोर्टलचं, व्हॉट्सॲपचं आणि ईमेलचं ॲप इन्स्टॉल करा. दुसऱ्या फर्मसाठी दुसऱ्या प्रोफाइलमधून हीच कृती परत करा. आता दोन्ही जीएसटी ॲप्स एकाच वेळी उघडी ठेवली तरी लॉगिन एकमेकांत मिसळणार नाही.

एक अडचण उरते. दोन्हींचे आयकॉन अगदी सारखे दिसतात. डेस्कटॉपवरच्या शॉर्टकटवर राइट क्लिक करून 'रीनेम' करा आणि फर्मचं नाव आधी लिहा, 'जीएसटी' नंतर. लांब नाव डेस्कटॉपवर अर्धवट दिसतं, त्यामुळे सुरुवातीलाच फरक कळला पाहिजे. खरं म्हणजे हे काम टूल बनवणाऱ्यांनी करायला हवं होतं. इन्स्टॉल करताना 'हे ॲप अमुक प्रोफाइलचं आहे' असं ठळक सांगायला काय हरकत आहे?

त्याच प्रोफाइलच्या सेटिंगमध्ये 'डाउनलोड्स' उघडा आणि प्रत्येक फर्मचा फोल्डर वेगळा करून द्या. हे सेटिंग दर प्रोफाइलला स्वतंत्र असतं. एकदा केलंत की चलनाच्या पीडीएफ आपोआप योग्य जागी जाऊन पडतील. माझ्या मते ॲप बनवण्यापेक्षाही या एका सेटिंगने जास्त वेळ वाचतो.

सफारीवाल्यांसाठी थोडं वेगळं आहे. तिथे डॉकमध्ये टाकलेलं ॲप सुरुवातीला सफारीतलं लॉगिन सोबत घेतं, पण पुढे त्याचा हिशोब स्वतंत्र राहतो. सफारीत लॉगआउट केलं म्हणून ॲपमधून लॉगआउट झालं असं समजू नका.

आणि हे नीट वाचा: प्रोफाइल म्हणजे कुलूप नाही. त्याच कॉम्प्युटरवर बसलेला माणूस एका क्लिकमध्ये दुसऱ्या प्रोफाइलमध्ये जाऊ शकतो. काउंटरवरच्या मुलाला तुमचा ईमेल दिसू नये असं वाटत असेल, तर त्याच्यासाठी विंडोजमध्येच वेगळा युजर बनवा आणि तुमच्या युजरला पासवर्ड ठेवा.

आता बाहेरच्या टूल्सबद्दल. नेटवर शोधलंत की वेबसाइटचं ॲप बनवून देणारी बरीच टूल्स सापडतात. त्यात नेटिव्हफायर फार लोकप्रिय होतं. पत्ता द्या, ते संपूर्ण वेगळं ॲप बांधून देतं. हे बांधकाम इलेक्ट्रॉनवर होतं, म्हणजे प्रत्येक ॲपच्या पोटात क्रोमियम ब्राउझरची पूर्ण प्रत. एक छोटी साइट असली तरी ॲप शंभर एमबीच्या वर जातं. चार ॲप्स केलीत तर चार ब्राउझर सांभाळायचे. जागेचं एक वेळ चालेल, पण अपडेटचं काय? तुमचा क्रोम स्वतःला अपडेट करतो. या ॲपमधला ब्राउझर मात्र ज्या दिवशी बांधला त्या दिवशीचाच राहतो, तुम्ही परत बांधेपर्यंत.

यात धोका काय, तर सप्टेंबर २०२३ चं उदाहरण घ्या. वेबपी नावाच्या चित्रांच्या फॉरमॅटमध्ये एक गंभीर त्रुटी सापडली. खोडसाळपणे बनवलेल्या चित्रातून कॉम्प्युटरवर हल्ला करता येईल अशी ती होती, आणि हल्लेखोर तिचा वापर करतही होते. गूगलने क्रोमचा अपडेट लगेच दिला, इलेक्ट्रॉननेही दिला. पण आधी बांधून ठेवलेल्या ॲप्सपर्यंत तो आपोआप पोहोचणार कसा? त्याच वर्षी नेटिव्हफायरचं कामही थांबलं, प्रकल्प बंद करून ठेवला गेला. तेव्हा कुणी तुमच्या दुकानात दोन-तीन वर्षांपूर्वी असं ॲप बसवून दिलं असेल, आणि त्यात तुम्ही ग्राहकांनी पाठवलेले फोटो उघडत असाल, तर आज संध्याकाळी ते काढा आणि ब्राउझरमधून नवीन बनवा.

नवी टूल्स यात सुधारली आहेत. पेकसारखं टूल टॉरीवर बांधलेलं आहे. ते ब्राउझरची प्रत सोबत बाळगत नाही, सिस्टीममध्ये आधीपासून असलेलं इंजिन वापरतं. विंडोजवर ते इंजिन वेबव्ह्यू२, आणि त्याचे अपडेट मायक्रोसॉफ्टकडून येत राहतात. ॲप आटोपशीर राहतं, काही एमबीत बसतं. तरीही छोट्या दुकानदाराला मी हे सुचवणार नाही. क्रोमचे सेव्ह केलेले पासवर्ड आणि एक्स्टेन्शन तिथे मिळत नाहीत. शिवाय गूगलने २०१९ पासूनच ॲपच्या आत बसवलेल्या ब्राउझरमधून होणाऱ्या लॉगिनवर बंधनं आणली आहेत, त्यामुळे जीमेलचं लॉगिनच अडू शकतं.

लिंकचाही प्रश्न आहे. जीएसटी पोर्टलवर लॉगिन एका उपपत्त्यावर होतं आणि रिटर्नचा डॅशबोर्ड दुसऱ्या उपपत्त्यावर उघडतो. बाहेरच्या टूलला कुठले पत्ते 'आपले' समजायचे हे नीट सांगितलं नाही, तर ते लिंक बाहेरच्या ब्राउझरमध्ये फेकतं आणि तिथे तुमचं लॉगिन नसतं. क्रोमच्या ॲपमधून लिंक टॅबमध्ये उघडली तरी प्रोफाइल तेच, म्हणून काम अडत नाही.

राहिला पत्ता. ॲपच्या खिडकीत पत्त्याची पट्टी नसते, हाच तिचा फायदा आणि हीच तिची मोठी उणीव. इन्स्टॉल करताना पत्ता चुकीचा असेल, म्हणजे मेसेजमधल्या लिंकवरून तुम्ही नकली साइटवर गेला असाल, तर नकली साइटचं सुंदर ॲप टास्कबारवर येऊन बसेल, आणि तुम्ही रोज विश्वासाने त्यावर क्लिक कराल. म्हणून ॲप बनवायच्या आधी पत्ता स्वतः टाइप करा, लिंकवरून जाऊ नका. फायरफॉक्सने २०२५ मध्ये विंडोजवर ही सोय आणली तेव्हा पत्त्याची पट्टी तशीच ठेवली. दिसायला ते जरा कमी नीटस आहे, पण मला ते जास्त शहाणपणाचं वाटतं.

बँकेच्या साइटचं ॲप मात्र बनवूच नका. रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये सगळ्या बँकांना 'डॉट बँक डॉट इन' या शेवटाच्या पत्त्यावर यायला सांगितलं आणि त्यासाठी ३१ ऑक्टोबर २०२५ ही मुदत दिली. म्हणजे आता खरी बँक ओळखायची एक सोपी खूण आपल्या हातात आहे, आणि ती खूण दिसते फक्त पत्त्याच्या पट्टीत. ॲप केलं की आपण तीच झाकून टाकतो. नेट बँकिंग साध्या ब्राउझरमध्येच करा.

सूचनांचं थोडक्यात: व्हॉट्सॲप आणि ईमेलच्या चालू ठेवा, बाकी सगळ्या बंद. व्हॉट्सॲपची खिडकी बंद न करता मिनिमाइझ करायची सवय काउंटरवरच्या मुलांना लावा, नाहीतर ऑर्डर आलेली कळणार नाही.

शेवटी, नको असलेलं ॲप काढताना. ॲपच्या खिडकीतल्या तीन टिंबांमधून 'अनइन्स्टॉल' करा. तेव्हा क्रोम त्या साइटचा डेटाही पुसायचा का असं विचारतो. कॉम्प्युटर विकायचा असेल किंवा कामगार सोडून गेला असेल तर तिथे टिक करा. नुसता आयकॉन नको असेल तर टिक करू नका, कारण डेटा प्रोफाइलचा असतो. तो पुसला की त्याच प्रोफाइलच्या साध्या टॅबमधलं लॉगिनही जाईल आणि व्हॉट्सॲपचा क्यूआर कोड परत स्कॅन करावा लागेल.